भिंतीवरची माता : प्रबोधनकालीन धर्मचित्रांच्या हाताने रंगवलेल्या प्रती

भंडारा जिल्ह्यातील तुमसर हे धानाच्या बाजारपेठेचे गाव. धान कापणीला येण्याच्या सुमारास उभ्या पिकातच जवस आणि लाखोळी फेकून पेरण्याची ‘उतेरा’ पद्धत या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. याच तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. जवसाची चटणी आणि मँगनीजची काळी माती यांचा पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीतील मरियामातेच्या चित्रांशी काही संबंध असेल, हे चटकन पटणार नाही. पण तो आहे. तैलरंग ज्या तेलात घोटला जातो ते प्रामुख्याने जवसाचे तेल. उत्तम कॅनव्हास ज्या लिननचा विणतात, तो धागा जवसाच्याच जातकुळीतल्या झाडाचा. आणि चेहऱ्यावरची मऊ सावली रंगवण्यासाठी युरोपीय चित्रकार जो ‘अंबर’ नावाचा तपकिरी मातीरंग वापरत, त्याला ती छटा लोह आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडमुळे येते. लिओनार्दो दा विंचीच्या चित्रांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण परीक्षणातही चेहऱ्याच्या छायेत मँगनीजयुक्त रंगाचे अतिशय पातळ थर आढळले.

सामग्री अशी आपल्या ओळखीची आहे. अपरिचित आहे ती या चित्रांच्या प्रतींची गोष्ट. येशूचे शेवटचे भोजन, बाळाला कवेत घेतलेली मरियामाता, देवदूताचा संदेश ही प्रबोधनकालातली, म्हणजेच रेनेसाँसमधली चित्रे आज अनेक घरांत छापील स्वरूपात दिसतात. अलीकडे त्यांच्या हाताने रंगवलेल्या प्रती मागवण्याकडेही ओढा दिसतो. कोणी श्रद्धेपोटी मागवतो, कोणी नव्या घराच्या भिंतीसाठी, तर कोणी लग्नाची भेट म्हणून. ‘प्रत म्हणजे नक्कल, आणि नक्कल म्हणजे दुय्यम’ अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात या चित्रांचा प्रवास प्रतींमधूनच झाला. ती जगली प्रतींमुळे आणि भारतात आलीही प्रतींच्या रूपानेच. म्हणून हाताने रंगवलेली प्रत घेताना ‘मूळ की नक्कल’ या प्रश्नात अडकू नये. प्रत डोळसपणे केली आहे का आणि ती प्रत म्हणूनच विकली जाते आहे का, हे विचारावे.

घरासाठी चित्र ही मूळचीच प्रथा

मोठी धर्मचित्रे चर्चसाठी होती आणि घरातल्या प्रती ही नंतरची बाजारी सोय, असे मानणे चुकीचे ठरेल. पंधराव्या शतकातील फ्लोरेन्समध्ये सुस्थितीतल्या घरात मरियामातेचे चित्र किंवा उठावशिल्प असणे ही सर्वसाधारण बाब होती. शयनकक्षात, पाळण्याजवळ ते लावले जाई. ही मागणी पुरवण्यासाठी चित्रशाळा एकाच खाक्यावरून अनेक प्रती तयार करत. नेरी दि बिच्ची या फ्लोरेन्सच्या चित्रकाराने १४५३ ते १४७५ या काळात ठेवलेली कामाची वही उपलब्ध आहे. तिच्यातून अशा घरगुती चित्रांचा व्यवहार कसा चाले, याची कल्पना येते. व्हेनिसचा जिओव्हान्नी बेल्लिनी, फ्लोरेन्सचा बोत्तिचेल्ली यांच्या चित्रशाळांतूनही माता-बालकाची चित्रे थोड्याफार फरकाने पुनःपुन्हा तयार झाली. गुरूने मांडणी करावी, शिष्यांनी रंगवावे आणि चेहरा-हात पुन्हा गुरूने पुरे करावेत, अशी कामाची विभागणी असे. मूळ आणि प्रत यांच्यातली आजची काटेकोर सीमारेषा त्या काळी नव्हती.

श्रद्धेच्या अंगाने तर प्रतीचे स्थान आणखी वरचे होते. रोममधील सांता मारिया माज्जोरे या चर्चमध्ये मरियामातेचे एक प्राचीन, पूज्य मानले गेलेले चित्र आहे. १५६९ मध्ये येशूसंघाचे प्रमुख फ्रान्सिस बोर्जिया यांनी पोप पायस पाचवे यांच्या परवानगीने त्याची प्रत करवून घेतली. त्या प्रतीवरून पुढे आणखी प्रती झाल्या आणि त्या मिशनऱ्यांबरोबर दूरदूरच्या देशांत गेल्या. त्यांतली एक भारतात आली.

गोव्यामार्गे फत्तेपूर सिक्रीला

अकबराच्या निमंत्रणावरून रुडॉल्फ अक्वाविवा, अंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस हेन्रिक्स हे तीन येशूसंघीय १५७९ च्या अखेरीस गोव्याहून निघाले आणि फेब्रुवारी १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी दिलेल्या भेटींत अँटवर्प येथे छापलेले बहुभाषी बायबल होते आणि मरियामातेची चित्रेही होती. रोममधल्या त्या पूज्य चित्राची प्रत त्यांपैकीच एक. दरबारी चित्रकारांनी या चित्रांचा आणि सोबत आलेल्या कोरीव छापांचा बारकाईने अभ्यास केला, त्यांच्या प्रती केल्या. अबुल हसन या बालचित्रकाराने १६०० मध्ये जर्मन कलावंत आल्ब्रेख्त ड्यूररच्या १५११ च्या छापावरून संत योहानाची आकृती रेखाटली. ते रेखाटन आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. हाच मुलगा पुढे जहांगीराच्या दरबारातला अग्रगण्य चित्रकार झाला. प्रत करणे हे त्याच्यासाठी शिक्षण होते.

खुद्द गोव्यात चर्चची उभारणी होत असताना चित्रे आणि मूर्ती लागत. काही पोर्तुगालहून येत, पण बरेच काम स्थानिक कारागिरांच्या हातून होई. त्यांनी युरोपीय छापांवरून काम करताना चेहऱ्यांना, वस्त्रांना, फुलापानांना नकळत इथले वळण दिले. जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस असिसी यांच्या चर्चमध्ये लाकडी फळ्यांवर रंगवलेले त्या संताचे जीवनप्रसंग पाहता येतात. चर्चमधल्या आणि घरांमधल्या अशा वस्तूंचा संग्रह ख्रिस्ती कला संग्रहालयात आहे. १९९४ मध्ये राशोल येथे सुरू झालेले हे संग्रहालय २००२ मध्ये जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात हलवण्यात आले. राशोलचे नाव मराठी वाचकाला दुसऱ्याही कारणाने माहीत असते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये तिथेच छापले गेले. ख्रिस्तकथा मराठी ओवीत आणण्याचे काम शब्दांत जसे झाले, तसेच रंगांतही होत होते.

प्रतीने राखलेले मूळ

मिलान येथील सांता मारिया देल्ले ग्राझिए या मठाच्या भोजनगृहात लिओनार्दोने ‘शेवटचे भोजन’ साधारणतः १४९५ ते १४९८ या काळात रंगवले. चित्र सुमारे ४६० सेंटीमीटर उंच आणि ८८० सेंटीमीटर रुंद आहे. ओल्या गिलाव्यावर झटपट रंगवण्याची भित्तिचित्रांची रीत लिओनार्दोच्या संथ स्वभावाला मानवणारी नव्हती. त्याने कोरड्या भिंतीवर रंग लावले. परिणामी काही दशकांतच रंगाचे पापुद्रे सुटू लागले. १६५२ मध्ये भिंतीत दरवाजा काढताना ख्रिस्ताच्या पायांचा भागच कापला गेला. ऑगस्ट १९४३ मध्ये मठावर बॉम्ब पडला, पण वाळूच्या पोत्यांच्या आडोशाने चित्राची भिंत वाचली.

१९७८ ते १९९९ अशी एकवीस वर्षे पिनिन ब्रांबिल्ला बार्चिलोन यांच्या नेतृत्वाखाली चित्राची दुरुस्ती चालली. त्या वेळी हरवलेले तपशील समजण्यासाठी आधार घेतला गेला तो जुन्या प्रतींचा. लिओनार्दोच्या शिष्यवर्गातील जाम्पिएत्रीनो याने १५२० च्या सुमारास कॅनव्हासवर केलेली जवळजवळ मूळ आकाराची प्रत त्यांत महत्त्वाची ठरली. ती लंडनच्या रॉयल अकादमीच्या संग्रहात आहे. ख्रिस्ताचे पाय कसे होते, ज्यूडासच्या हाताजवळ मिठाचे भांडे कसे लवंडले होते, हे आज त्या प्रतीतच नीट दिसते.

याची महाराष्ट्रातील समांतर कहाणी अजिंठ्याची. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून लेण्यांतील चित्रांच्या प्रती करण्यात आयुष्य घालवले. त्यांच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. तरीही उरलेल्या प्रती आज मोलाच्या आहेत, कारण मूळ चित्रांतला काही भाग त्यानंतर झिजला. मात्र प्रती करताना रंग उजळावेत म्हणून भिंतींवर लावलेल्या व्हार्निशने मूळ चित्रांचे नुकसानही केले. प्रत करणाऱ्याचा हात राखणारा असतो, तसाच घाईचा असला तर बिघडवणाराही.

माळवलीचा छापखाना

आपल्या घरांतल्या देवादिकांच्या छापील चित्रांचा उगमही या प्रवासाशी जोडलेला आहे. राजा रविवर्मा यांनी युरोपीय तैलचित्रणाची रीत आत्मसात करून पुराणातल्या व्यक्तिरेखा रंगवल्या. घरोघरी त्या पोहोचाव्यात म्हणून १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ माळवलीला नेण्यात आला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तिथे निघणाऱ्या छापांना ‘ओलिओग्राफ’ म्हणत. दगडी ठशांवरून एकेक रंग छापून वर व्हार्निश चढवायचे, म्हणजे कागदावरचे चित्र तैलचित्रासारखे भासते. युरोपात हीच पद्धत मरियामातेच्या आणि येशूच्या स्वस्त चित्रांसाठी आधीपासून रुळली होती.

तुमसरसारख्या गावातल्या देवघरात आज कमळावर उभी असलेली जी लक्ष्मी दिसते, तिच्या चेहऱ्यावरचा उजेड आणि साडीच्या चुण्या यांमागे हा सगळा वारसा आहे. त्या काळच्या अनेक घरांतील स्त्रियांनी छापील देवीच्या साडीवर खरी जर, टिकल्या आणि कापड चिकटवले. छापलेल्या प्रतीलाही आपल्या हाताचा स्पर्श हवा, ही गरज त्यामागे होती. हाताने रंगवलेल्या प्रतीची आजची ओढही त्याच जातीची आहे.

माहीमची माता, वसईचे घर

मुंबईकरांना ‘माहीमचे चर्च’ म्हटले की बुधवार आठवतो. संत मायकेल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेची नोव्हेना प्रार्थना होते आणि सर्व धर्मांचे लोक तिथे येतात. ज्या चित्रासमोर ते उभे राहतात, त्याचे मूळ रोममधील संत आल्फोन्सस यांच्या चर्चमध्ये आहे. क्रीट बेटावरच्या बायझंटाइन परंपरेतले हे चित्र साधारणतः पंधराव्या शतकातले मानले जाते. १८६६ मध्ये पोप पायस नववे यांनी ते रिडेम्प्टोरिस्ट संघाच्या स्वाधीन केले आणि त्यानंतर त्याच्या प्रती जगभर गेल्या. माहीमला येणाऱ्या भाविकाला आपण प्रतीसमोर उभे आहोत याने काही उणे वाटत नाही. चित्र ज्याच्याकडे बोट दाखवते, त्याच्याशी त्याला कर्तव्य असते.

वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत जेवणाच्या जागी ‘शेवटचे भोजन’ आणि दिवाणखान्यात येशूचे पवित्र हृदय असणे ही जुनी रीत आहे. इथे एक गफलत नेहमी होते. जुनी दिसणारी सर्वच धर्मचित्रे प्रबोधनकालातली समजली जातात. ‘शेवटचे भोजन’ त्या काळातले आहे. राफाएलची ‘सिस्टाइन मॅडोना’ही १५१२-१३ ची. भेटकार्डांवर हनुवटीला हात लावून बसलेले दोन छोटे देवदूत याच चित्राच्या तळातले आहेत. मूळ चित्र १७५४ पासून ड्रेस्डेनमध्ये असते. पण येशूच्या पवित्र हृदयाचे जे रूप घरोघरी रूढ झाले, त्याचा आदर्श पोम्पेओ बातोनी याने १७६७ मध्ये रोमच्या जेझू चर्चसाठी रंगवलेला आहे. म्हणजे तो अडीचशे वर्षांनंतरचा. मागणी नोंदवताना चित्राचे नेमके नाव, चित्रकार आणि मूळ कुठे आहे हे सांगितले, तर पुढचे घोटाळे टळतात.

साडीतली मरिया

युरोपीय मरियेची प्रतच हवी, की आपल्या मातीतली मरिया? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच्या पिढीनेही विचारला होता. गोव्यात सांतो इस्तेव्ह येथे १९०२ मध्ये जन्मलेल्या आंजेलो दा फोन्सेका यांनी मुंबईच्या सर ज. जी. विद्यालयात आणि नंतर शांतिनिकेतनात शिक्षण घेतले. त्यांनी मरियेला साडी नेसवली आणि तिच्याभोवती भारतीय घर रंगवले. गोव्यात यावर टीका झाली. त्यांचे पुढचे बरेच आयुष्य पुण्यात, ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमाच्या सहवासात गेले. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. मुंबईचे नामवंत व्यक्तिचित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांच्या कन्या आंजेला त्रिंदाद यांनीही ख्रिस्ती विषय भारतीय शैलीत रंगवले. बापलेकींची चित्रे पणजी येथील फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे आहेत.

या दोन्ही वाटा घरासाठी खुल्या आहेत. मात्र फोन्सेका यांच्या चित्रांची प्रत करवून घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्रकाराच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क कायम राहतो. त्या हिशेबाने त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०२७ अखेरपर्यंत आहे आणि त्याआधी परवानगी आवश्यक आहे. लिओनार्दो किंवा राफाएल यांच्या बाबतीत हा प्रश्न उरत नाही.

प्रत कशी घडते

जुन्या चित्रशाळांत पूर्ण आकाराचे रेखाटन कागदावर करून रेषांवर सुईने छिद्रे पाडत आणि कोळशाची भुकटी कापडाच्या पुरचुंडीतून त्यावर ठोकत. खाली ठिपक्यांची रेषा उमटे. आपल्याकडच्या लघुचित्रांच्या परंपरेतही हीच युक्ती होती. तिलाच ‘खाका’ म्हणत. आजचा चित्रकार चौकोन पाडून किंवा प्रोजेक्टरच्या साहाय्याने आकृती उतरवतो. त्यात गैर काही नाही. कसोटी पुढे असते.

प्रामाणिक प्रतीत आधी तपकिरी किंवा करड्या रंगात उजेड-सावलीचा पाया घातला जातो. तो वाळल्यावर जवसाच्या तेलातले पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढवले जातात. मातेच्या वस्त्राची खोली आणि गालांवरची ऊब या थरांतून येते. प्रत्येक थराला वाळायला अवधी लागतो, म्हणून आठवडाभरात ‘थरांचे’ तैलचित्र देण्याचे आश्वासन संशयास्पद मानावे. रंगांतही काळानुसार बदल झाला आहे. मरियेच्या झग्याचा निळा रंग पूर्वी अफगाणिस्तानातील बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून करत आणि तो अतिशय महाग असे. एकोणिसाव्या शतकात कृत्रिम अल्ट्रामरीन निघाला आणि आज तोच वापरतात. विषारी सफेद्याऐवजी टिटॅनियमचा पांढरा रंग आला. हिंगूळ आणि हरताळ हेही विषारीच, त्यांच्या जागी सुरक्षित रंग आले. गेरू आणि अंबर मात्र तेच राहिले. सोनेरी पार्श्वभूमी असलेल्या चित्रांत खरा सोन्याचा वर्ख आहे की सोनेरी रंग, हे आधीच विचारून घ्यावे. किमतीत मोठा फरक पडतो.

घेताना काय पाहावे

पहिली बाब प्रमाणाची. ‘शेवटचे भोजन’ उंचीच्या जवळजवळ १.९ पट रुंद आहे. पाच फूट रुंद प्रत हवी असेल, तर उंची सुमारे दोन फूट सात इंच यायला हवी. यापेक्षा चौरस प्रत असेल, तर बाजू कापल्या गेल्या आहेत किंवा आकृत्या ताणल्या आहेत असे समजावे. ‘सिस्टाइन मॅडोना’ दोन फूट रुंद असेल, तर उंची सुमारे दोन फूट आठ इंच हवी.

दुसरी बाब चेहऱ्यांची. पाच फुटी प्रतीत एकेक चेहरा साधारण दोन इंचांचा उरतो आणि तीन फुटी प्रतीत त्याहूनही बराच लहान. तेरा जणांचे तेरा भाव एवढ्या जागेत आणणे कठीण असते. आपल्यापैकी एकजण विश्वासघात करील, असे ख्रिस्ताने सांगितल्यानंतरचा तो क्षण आहे. थॉमसचे वर उचललेले बोट, पेत्राच्या हातातली सुरी, पैशाची थैली आवळणारा ज्यूडास हे ओळखू येत नसतील, तर ती सजावट झाली, प्रत नव्हे. लहान भिंतीसाठी अनेक आकृत्यांच्या चित्रापेक्षा माता-बालकाचे चित्र निवडणे शहाणपणाचे.

तिसरी बाब फसवणुकीची. यंत्राने कॅनव्हासवर छापून वर पारदर्शक जेल फासले की हाताच्या कुंचल्याचा भास होतो. अशी चित्रे ‘हस्तचित्रित’ म्हणून विकली जातात. भिंगातून पाहिल्यास छपाईचे बारीक ठिपके दिसतात. बाजूने बॅटरीचा प्रकाश टाकल्यास जेलचे फटकारे चित्रातल्या आकारांशी न जुळता कसेही फिरलेले आढळतात. खऱ्या चित्रात कुंचला नाकाच्या, चुणीच्या वळणानेच गेलेला असतो. काम चालू असतानाची छायाचित्रे मागावीत आणि प्रत करणाऱ्याचे नाव, साल व ‘अमुक चित्रकारानुसार’ ही नोंद कॅनव्हासच्या मागे करून घ्यावी. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात १७९३ पासून चित्रकारांना प्रती करू देतात, पण प्रतीचा आकार मुळापेक्षा वेगळाच ठेवावा लागतो आणि मूळ चित्रकाराची सही उतरवता येत नाही. हा दंडक घरच्या प्रतीलाही लागू करण्याजोगा आहे.

चीनमधील शेनझेनजवळचे दाफेन हे खेडे १९८९ नंतर तैलचित्रांच्या घाऊक प्रतींसाठी जगभर प्रसिद्ध झाले. तिथे काही ठिकाणी एकेका चित्रकाराकडे चित्राचा एकेकच भाग असे. परदेशी संकेतस्थळांवरून येणारी स्वस्त प्रत अशा व्यवस्थेतली असू शकते. त्यापेक्षा नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातून किंवा मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयातून शिकलेल्या चित्रकाराकडे जाणे चांगले. त्याच्याशी बोलता येते आणि चेहरा जमला नाही, तर तो पुन्हा करवून घेता येतो. त्याआधी मूळ युरोपीय तैलचित्र एकदा डोळ्यांनी पाहावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातील युरोपीय चित्रे आहेत. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी उभारलेल्या संग्रहालयातही अशी चित्रे पाहता येतात. छापील पुस्तकात न दिसणारी थरांची खोली तिथे उमगते.

जपणूक

आपल्या हवेत तैलचित्राचा मोठा शत्रू पावसाळा. न्हाणीघराला लागून असलेल्या किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नये. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावले की हवा खेळती राहते आणि बुरशी धरत नाही. थेट ऊन टाळावे. मेणबत्ती, समई किंवा उदबत्ती चित्राच्या अगदी खाली ठेवू नये, कारण काजळी व्हार्निशवर बसते. नव्या तैलचित्राला किमान सहा महिने तरी अखेरचे व्हार्निश देऊ नये. धूळ कोरड्या, मऊ ब्रशनेच झटकावी.

घरात आजी-आजोबांच्या काळातले हाताने रंगवलेले धर्मचित्र असेल, तर ते काळे पडले म्हणून साबण, बटाटा किंवा तेलाने पुसण्याचा मोह टाळावा. त्या काळपटपणाखाली रंग शाबूत असू शकतो आणि पुसण्याने तो कायमचा जातो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला संवर्धन केंद्र, लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाला अशा संस्थांचा सल्ला घेता येतो. शंभर वर्षांहून जुने चित्र १९७२ च्या कायद्यान्वये पुरावस्तू ठरू शकते आणि ते देशाबाहेर नेण्यास मनाई आहे, हेही परदेशी नातेवाइकांना देण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. घराचे नूतनीकरण करताना जुने चित्र अडगळीत टाकून त्याच जागी चकचकीत छापील ‘शेवटचे भोजन’ लावले जाते. त्या वेळी आपण एका अनामिक हाताचे काम फेकून देतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

त्या अनामिक हातांमुळेच ही चित्रे इथवर आली. अबुल हसनने ती शिकण्यासाठी उतरवली, जाम्पिएत्रीनोने गुरूच्या चित्रावरून, गोव्याच्या कारागिरांनी देवळाच्या भिंतीसाठी. आज कोणी प्रत मागवेल, तर त्याने याच परंपरेत एक भर घातलेली असेल. अट एवढीच की प्रत करणाऱ्याला पुरेसा वेळ आणि रास्त मोल द्यावे आणि तिच्यामागे त्याचे नाव लिहून घ्यावे. पुढच्या पिढीने कधी ते चित्र उलटून पाहिले, तर भिंतीवरची माता कोणाच्या हातून आली हे तिला कळले पाहिजे.